होडीला पाणी पाजायचं राहिलं

९ नोव्हेंबर. आजचं काम : होडीच्या उजव्या बाजूच्या फटी बुजवणे. डावी बाजू काल संध्याकाळी संपली.

होडी बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावर, एका शेतकऱ्याच्या बांधाशेजारी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती. लांबी तीस फूट, रुंदी जेमतेम सहा. मुळात ती खाडीतली रेतीची होडी. हाताने रेती काढायचं काम बंद पडल्यावर अशा पुष्कळ होड्या किनाऱ्याला कुजत पडल्या. त्यातली एक मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने घेतली, ट्रकवर घालून इकडे आणली आणि अंबरनाथच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तिच्यावर पत्र्याची खोली बसवून घेतली. आत झोपायला दोन बाकं, एक शेगडी, पाण्याचं पिंप, छपरावर सोलरचं पॅनेल, मागे शेतीच्या पंपाचं डिझेल इंजिन. नदीत होडी ठेवायला परवानगी कोणाची लागते, हे आम्ही वर्षभर विचारत फिरलो. प्रत्येक कचेरीने दुसऱ्या कचेरीकडे पाठवलं. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "भाड्याने देणार का?" आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग मला तुम्ही दिसलाच नाहीत."

खाली बंधारा आहे, त्यामुळे दिवाळीपासून मेपर्यंत वरच्या अंगाला सात-आठ किलोमीटर पाणी तुंबून उभं असतं. तेवढ्या पाण्यात आम्ही दोघी सहा हिवाळे वर-खाली फिरलो. पावसाळ्यात या नदीचा भरवसा नाही, म्हणून जूनच्या आधी होडी ट्रॅक्टरने ओढून वर घ्यायची आणि ताडपत्री घालायची.

मागच्या हिवाळ्यात होडी उतरलीच नाही, कारण ताईने लग्न केलं. ती साठीची, नर्स म्हणून रिटायर झालेली. ज्येष्ठांच्या वधूवर मेळाव्याला ती मैत्रिणीला सोबत म्हणून गेली आणि स्वतःचंच ठरवून आली. मैत्रीण अजून तिच्याशी बोलत नाही. मला चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कोणाला तरी भावोजी म्हणायची वेळ आली. माणूस चांगला आहे. नाशिकला बंगली आहे, बाग आहे. त्याला पाण्याची भीती वाटते.

ताईचं म्हणणं, होडी विकून टाकावी. गिऱ्हाईकही तयार होतं. कर्जत रस्त्यावर एकाचं लग्नाचं लॉन आहे, त्याला होडी हिरवळीवर ठेवायची होती, नवरा-नवरीचे फोटो काढायला. ताई फोनवर म्हणाली, "तीस फुटी होडी आहे गं. एक जण सुकाणूला, एक जण दोरीला. तुला एकटीला नाही जमणार."

मी म्हटलं, नोव्हेंबर संपायच्या आत मी एकटीने ती पाण्यात घालून वरच्या पुलापर्यंत नेऊन परत आणली तर ती राहील. नाही जमलं तर लॉनवाल्याची. ताईने ते लगेच मान्य केलं, म्हणजे तिला निकाल माहीत होता.

तर फटी. दीड वर्ष कोरड्यावर राहून फळ्या आकसल्या होत्या. काही ठिकाणी आतून बाहेरचं ऊन दिसत होतं. मी सत्तावीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. कारखाना गुजरातला गेला तेव्हा मी घरी बसले, पण सवयी घरी बसल्या नाहीत. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, अजून माझ्या पिशवीत असतो. मी प्रत्येक फट मोजली, खडूने आकडे लिहिले. मग उल्हासनगरच्या बाजारात जाऊन दोन डब्यांतला तो एपॉक्सी मसाला आणला, जो कालवला की तासाभरात दगड होतो. दुकानदार सिंधी काका. बोट पत्र्याची की लाकडाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, ये लगाओ और भूल जाओ. आप चली जाओगी, ये नहीं जाएगा." या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा निघाला.

चार दिवस मी पत्र्याच्या पातळ पट्टीने तो मसाला फटीत दाबत होते. शेवटी गेजचं सगळ्यात बारीक पातंही कुठे शिरेना. अशी होडी ताईच्या हातून कधी झाली नव्हती.

ताईची पद्धत वेगळी होती. दर वर्षी होडी उतरवायच्या आधी ती आणि पलीकडच्या गावातली मासे धरणारी एक मावशी मिळून होडीला 'पाणी पाजत'. म्हणजे होडी उथळात ढकलायची, बादल्यांनी आत पाणी भरायचं, दगड टाकायचे आणि तीन-चार दिवस तिला बुडवून ठेवायचं. त्याआधी नारळ, हळदकुंकू, फुलं. मी तेव्हा नोकरीत. शनिवारी यायचे तेव्हा होडी उपसून, पुसून, तरंगत असायची आणि डोलकाठीच्या जागेवर कुंकू असायचं. मला पूजाअर्चेचा कंटाळा आहे. सुक्या लाकडाची चांगली होडी मुद्दाम बुडवायची, हा मला त्या पूजेचाच एक भाग वाटायचा. एकदा तसं म्हटलंही. ताई म्हणाली, "तू गेज घेऊन बस." या वर्षी तिने फोनवर विचारलं, पाणी पाजलंस का. मी म्हटलं, नारळ फोडीन. तिने पुढे विचारलं नाही.

बारा तारखेला शेतकऱ्याने ट्रॅक्टरने होडी ढकलून पाण्यात घातली. मी आत उतरून तळाच्या फळ्या उचलून बघितल्या. एक थेंब नाही. तासाभराने पुन्हा बघितलं. नाही. मी सुक्या तळाचा फोटो काढून ताईला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

एकटीने चालवायची तर दोऱ्यांचा प्रश्न होता. पुढची आणि मागची अशा दोन दोऱ्या दोघींना लागतात. मी छपराच्या मधोमध एक कडी बसवून घेतली आणि एकच लांब दोरी तिला बांधून सुकाणूपर्यंत आणली. काठाला लागताना इंजिन बंद करायचं, ती दोरी घेऊन उडी मारायची आणि झाडाला वेढा द्यायचा. पहिल्या वेळी मी गुडघ्यावर पडले. दुसऱ्या वेळी नाही.

रोजची कामं तीच. सकाळी तळ बघायचा. इंजिनचं तेल बघायचं, पंख्याच्या दांड्याच्या ग्रीसची टोपी दोन वेढे पिळायची. डिझेलच्या गाळणीतलं पाणी सोडायचं. मग मागे पालथं पडून पाण्यात हात घालून पंखा साफ करायचा. या पंख्याला काय गुंडाळलं जाईल सांगता येत नाही. जलपर्णी असतेच. त्या दिवशी नवसाची लाल चुनरी होती, जरीसकट. ती कोयत्याने कापून काढायला अर्धा तास गेला. पूर्वी अशा वेळी ताई वरून माझे पाय धरायची आणि सांगत राहायची की डावीकडे, आणखी डावीकडे. आता मी पाय खुंटीत अडकवते. काम तेवढंच होतं.

पुलाजवळ मी दोन रात्री मुक्काम केला. एका बाकावर मी, दुसऱ्यावर अवजारं. भात एकीपुरता करायला गेले की करपतो, हे मला तिथे कळलं. दोघींच्या मापाचा कधी करपला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी एक जण सायकलवरून पावटे विकत चालला होता. त्याला हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. दोन दिवसांत मी एक शब्द बोलले नव्हते. त्याने मला घशाला मध लावायला सांगितलं आणि पावटे जास्त घातले.

त्याच सकाळी होडी कुरकुरायला लागली. आधी वाटलं, दोरी घासतेय. मग दोरी सैल केली तरी आवाज चालूच. बाजूंना हात लावला तर मसाल्याच्या रेघा फळीच्या वर आल्या होत्या, जखमेची खपली यावी तशा. तळ अजून सुका होता. मी इंजिन सुरू करून परत निघाले. अर्ध्या वाटेवर आतून बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. डाव्या बाजूची खालून दुसरी फळी वासोट्यापासून, म्हणजे आतल्या लाकडी बरगडीपासून, सुटून बाहेर आली होती. चार खिळे उपसले होते. पाणी आत यायला लागलं, आणि ते थेंबाथेंबाने येत नव्हतं.

मी होडी सरळ काठावर घातली. चिखलात रुतली म्हणून बुडाली नाही. मग गाद्या, शेगडी, गॅस, बॅटरी वर नेऊन ठेवली. सामान वाहताना पंधरा खेपा झाल्या, आणि सगळं काठावर ठेवल्यावर ते फारच थोडं दिसत होतं.

पलीकडून मावशी जाळं घेऊन येत होती. ताईबरोबर पाणी पाजणारी हीच. सत्तरीची असावी. वय विचारलं की ती कोणत्या पुराच्या वेळी केवढी होती ते सांगते. तिने आधी होडीभोवती फेरी मारली. बोटाने मसाला खरवडून बघितला, निघेना. मग मला विचारलं, "पानी नाय पाजलास गो?"

मी म्हटलं, फटी बुजवल्या होत्या, एकही सोडली नव्हती.

"तेच केलास," ती म्हणाली. "सुकी होरी म्हंजे उपाशी मानूस. पानी प्याली का फुगनार. तू तिला जागाच ठेवली नाय. मग ती जाईल कुठं?"

पुढचं तिने हात करून दाखवलं. दोन्ही तळवे शेजारी धरले, मधे माझं बोट घ्यायला लावलं आणि तळवे दाबले. मला सत्तावीस वर्षांत कोणी इतकं चांगलं समजावलं नव्हतं. लोखंड तापल्यावर वाढतं, म्हणून दोन तुकड्यांत जागा सोडतात, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. लाकूड पाण्याने वाढतं हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या घरचं बाथरूमचं दार दर जुलैत अडकतं. पण होडी बुडवण्याला कुंकू लागलेलं होतं, म्हणून मी त्या बाजूला बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने होडी परत वर ओढली. शेतकरी म्हणाला, आता ओंडक्यांनाच चाकं लावून घ्या. त्यानंतर रविवारी लॉनवाला आला. त्याला मीच बोलावलं होतं. नोव्हेंबरचे चौदा दिवस उरले होते, आणि फळी सुटलेली होडी घेऊन मी ताईशी काय बोलणार होते?

तो गुळगुळीत दाढीचा, बोलायला नम्र माणूस. होडीभोवती फिरला, मसाल्यावर टिचक्या मारल्या. त्याला काम फार आवडलं. ही एक फळी आमचा सुतार ठोकून देईल, म्हणाला. आत वाळू भरू, वर झेंडूच्या कुंड्या. खोली काढून टाकू, तिथे झोपाळा येईल. "फटी काय मस्त बंद केल्यात मॅडम. आपल्याला थोडीच पाण्यात सोडायचीय?"

त्याचं बरोबर होतं. हिरवळीवर ठेवायला याहून चांगली होडी मिळाली नसती. मी ती नेमकी त्याच्यासाठी तयार केली होती. चार दिवस, गेज लावून. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते.

तो गेल्यावर मी पावटे सोलले. मग पटाशी आणि हातोडी घेऊन डाव्या बाजूला बसले. पहिला वीतभर मसाला निघायला पाऊण तास लागला. तो लाकडाचे तुकडे घेऊनच निघत होता. अंधार पडेपर्यंत एक हात फट मोकळी झाली. तेवढी झाल्यावर मी लॉनवाल्याला फोन केला आणि सांगितलं की होडी द्यायची नाही.

"का हो मॅडम? कुणी जास्त देतंय?"

"नाही. फटी उकरतेय."

"चांगल्या बंद होत्या की."

"म्हणूनच," मी म्हटलं.

उकरायला सहा दिवस लागले. रोज सकाळी अंबरनाथहून यायचं, संध्याकाळी घरी. दोन दिवसांनी हाताला फोड आले, मग ते फुटले, मग काम सोपं झालं. सुटलेली फळी मावशीच्या पुतण्याने नवे खिळे मारून बसवून दिली. हा चाळिशीचा, कंपनीत सुपरवायझर, शिफ्ट संपल्यावर सुतारकी करतो. मावशीने मला राळेच्या तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती फटीत कशा बसवायच्या ते दाखवलं. घट्ट नाही. बोटाने दाबली तर दबली पाहिजे. मी हातोडी जरा जोरात मारली की ती नुसतं "बाय" म्हणायची.

तेवीस तारखेला इंजिन सोडवून काठावर ठेवलं आणि होडी मांडीभर पाण्यात ढकलली. मावशीला त्या दिवशी लग्नाला जायचं होतं. ती म्हणाली, उद्या करू. मी म्हटलं, बादली तर मारायचीय.

आपल्या होडीत आपणच पाणी भरायचं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. हात उलटं करायला तयार नसतो. सहा हिवाळे मी त्याच बादलीने पाणी बाहेर टाकलं होतं. पहिल्या वीस-पंचवीस बादल्यांनंतर फटींतूनच पाणी यायला लागलं आणि मग मला फक्त दगड टाकायचे होते. तळ आधी टेकला, मग बाकं पाण्याखाली गेली. दुपारी एकपर्यंत पत्र्याची खोली खिडक्यांपासून वर तेवढी राहिली. कोणी लांबून बघितलं असतं तर बुडालेली होडी आणि काठावर बसलेली बाई, एवढंच दिसलं असतं.

मी ताईला फोन लावला. तिकडे भावोजी कोणाला तरी गुलाबाच्या कलमाबद्दल सांगत होते. मी फळी सुटल्यापासूनचं सगळं सांगितलं. लॉनवाल्याला नाही म्हटल्याचंही. आणि हे की पुलापासून परत येताना फळी सुटली, म्हणजे पैज मी जिंकलेली नाही.

"ताई, किती दिवस ठेवायची?"

"तीन. उजवी बाजू चार घेते. तिकडची लाकडं जुनी आहेत."

"नारळ राहिला."

"नारळ माझ्यासाठी असायचा गं," ती म्हणाली. "तिथे तीन दिवस बसायचं तर खायला काहीतरी नको?"

मग मी विचारलं की तीन दिवस ती तिथे काय करायची. सहा वर्षांत हे मी तिला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, काही नाही. गुरं दगडांवर येतात, पोरं खोलीवर चढून उड्या मारतात, म्हणून बसायला लागतं. पुस्तक न्यायची, वाचून व्हायचं नाही. शनिवारची वाट बघायची.

"शनिवारी काय असायचं?"

"तू यायचीस," ती म्हणाली. मग तिला हाक आली आणि तिने फोन ठेवला. होडी विकायचं मात्र काढलं नाही.

त्या रात्री मी शेतकऱ्याच्या पडवीत झोपले. त्याच्या बायकोने भाकरी आणि सुकट दिली आणि विचारलं की घरी कोण वाट बघत असेल. मी कोणी नाही म्हटलं. तिने आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी सहाला मी साडी खोचून पाण्यात उतरले. पाणी गार होतं. डाव्या बाजूने हात फिरवत पुढपासून मागपर्यंत गेले. वाती फळ्यांनी आवळून धरायला सुरुवात केली होती, दोन-तीन ठिकाणी नखसुद्धा शिरत नव्हतं. उजवीकडे अजून बोट जात होतं. ती बाजू रात्रीतून थोडी वर आली होती. मी काठावरून पाच दगड आणून तिच्यात टाकले, सहावा उचलवेना म्हणून लोटत नेला. मग कोरडे कपडे घातले, शेतकऱ्याच्या बायकोकडून एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि होडीसमोर बसले. गुरं साडेसातला आली.